करकरणारी वहाण

इनामदार निघाले, की त्यांची वहाण चार घरं आधीच करकरायची. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याच्या दोन थरांत बिया घालून तायव्वानं ती मुद्दाम तशी शिवली होती. करकर ऐकली, की अख्खी चावडी उठून उभी राहायची.

एक दिवस इनामदार तायव्वाच्या दारात येऊन कडाडले, "ह्या वहाणेच्या आवाजानं सगळे गप्प होतात! माझ्यामागं कोण काय बोलतं, ते कळतच नाही. मुकी कर हिला, नाहीतर माझ्या रानातली साल तुला बंद!"

तायव्वानं टाके उसवायला आरी उचलली. "आत्ता करते, सरकार. लोकं तुमाला बघून उठत्यात का वहाण ऐकून, त्येबी मग कळंल."

इनामदारांनी पुढे केलेला पाय हळूच मागे घेतला.

साल चालू राहिली. करकरही.