हाराखालचा पोचा

फार पूर्वीची नव्हे, डोंगरात गाड्या पोचल्यानंतरची ही गोष्ट. रानाच्या कडेला एका गावात एक जीपवाला होता. तिथल्या रस्त्यावर गवे आडवे येत. म्हणून गावचा लोहार जीपगाड्यांच्या तोंडाला जाड लोखंडी गार्ड बसवून देई.

जीपवाल्याचा गार्ड गंजून गेला. लोहार म्हणाला, "हाती काम आहे, जरा दम धर." पण याला दम कुठला! लेक बाळंतपण आटोपून सासरी निघाली होती. त्यानं बाजारातून चकचकीत, स्वस्त गार्ड आणून लावला आणि गावभर मिरवला.

निघायच्या वेळी रिवाजाप्रमाणे त्यानं नव्या गार्डावरच नारळ आपटला. नारळ जसाच्या तसा राहिला आणि गार्डाला मात्र हा एवढा पोचा पडला! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

कुणी पाहिलं नाही, हे बघून पठ्ठ्यानं झेंडूचा हार पोच्यावर ओढला. लोकांत हसं होण्यापेक्षा मुकाट निघालेलं बरं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात लेक तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन पुढे बसली.

"आबा, वाटेत गवा आला तर?"

"गार्ड लावलाय की!"

"तुम्ही लावलाय ना, मग मला घोर नाही."

ते ऐकून त्याचं काळीज चरकलं. स्वतःची लाज वाटली. त्यानं हार काढला आणि सगळ्यांना पोचा दाखवला. "उतर पोरी. आत्ता जायचं नाही."

सगळी आळी हसली. लोहारही हसला. "माझं ऐकलं नाहीस, नारळाचं ऐकलंस!" म्हणत त्यानं हातातलं काम बाजूला सारलं आणि भरीव पट्टीचा गार्ड ठोकून दिला. त्यावर नारळ पहिल्याच दणक्यात फुटला.

वाटेत एका वळणावर बांबूच्या बेटातून गवा उसळला. जीपवाल्यानं ब्रेक दाबला, तरी गव्यानं धडक दिलीच. जीप हादरली, एक दिवा फुटला, पण गार्ड जागचा हलला नाही. गवा फुरफुरत रानात निघून गेला. जिवावरचं शेपटावर निभावलं.

तान्ही दचकून जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. जीपवाल्याचे डोळे भरले होते, पण त्याला हसू आवरेना.

"रड गं माझी बाय," तो म्हणाला, "पोटभर रड!"

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर जीव सोपवायचा, त्याची चकाकी आणि स्वस्ताई बघू नये. आणि फसलोच, तर पोचा झाकू नये; चार माणसांचं हसणं परवडतं.