तांब्याची घागर

“मग आईला सही करायला सांगू ना, बुवा?”

उत्तरा हे चौथ्यांदा विचारत होती. नागूबुवा ओट्यावर बसून चिमण्यांना कण्या टाकत होते. चिमण्या खाऊन उडून गेल्या, तरी बुवा कण्या टाकतच राहिले.

टेकडीवरचा मठ म्हणजे एक खोली आणि हा ओटा. बुवांचे गुरुबंधू खंडूबुवा चार वर्षांमागं गेले, तेव्हापासून बुवा इथं एकटेच. उत्तराचे वडील हयात होते तोवर बुवांना विचारल्याशिवाय घरातलं कुठलं मोठं काम करत नसत. म्हणून आईनं शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगून टाकलं होतं, “बुवा हो म्हणाले, की करते सही.”

सही कर्जाच्या कागदावर. तारण राहत्या दोन खोल्यांचं. मुदत उद्यापर्यंत.

उत्तराला मनातून हसूच येत होतं. फायनान्सची पदवी घ्यायला निघालेली ती, आणि हिशेब दाखवायचा कुणाला, तर अंगठा उठवणाऱ्याला.

तिनं कागद पुन्हा उलगडला.

“हे बघा. पुण्याचं कॉलेज. कर्ज अठरा लाख. पण नोकरी लागली की महिन्याला सत्तर हजार पगार. हप्ता चोवीस हजार, दहा वर्षं. जिल्ह्याच्या कॉलेजात दोन लाखांत भागतं, पण पगार तीस हजारांच्या वर काही जात नाही. आता कुठलं चांगलं, तुम्हीच सांगा.”

“तूच सांगितलंस की.”

“म्हणजे पुण्याचं?”

बुवांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं.

मग म्हणाले, “दहा वर्षं. मधे खाली ठेवावंसं वाटलं तर?”

“काय?”

“ओझं.”

“ठेवायचं कशाला? पगार चालूच असणार.”

“आजारी पडलीस. नोकरी सुटली…”

“तेवढे दिवस आई बघेल ना.”

“आईला कितवं?”

“एकोणसाठावं,” ती म्हणाली. आणि कागदाला नसलेली सुरकुती नखानं सारखी करत बसली.

बुवांनी हातावरच्या कण्या झटकल्या.

“तहान लागली गं. खालच्या झऱ्यावरनं पाणी आणतीस?”

खोलीच्या कोपऱ्यात तांब्याची मोठी घागर होती. शेजारी कळशी.

“यातली कुठली नेऊ?”

“तुझं तू बघ. हिशेब येतो तुला.”

दोन खेपा कोण करणार, म्हणून तिनं घागर उचलली. बुवांनी डोक्यावर ठेवायला कापडाची चुंबळ दिली.

झऱ्यावर कुणी नव्हतं. पाणी मात्र गार, काचेसारखं. तिनं ओंजळीओंजळीनं घागर काठोकाठ भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वाकली.

घागर गुडघ्यापर्यंत आली. त्याच्या वर येईना.

पुन्हा वाकली. पुन्हा गुडघाच.

गल्लीतल्या नळावर बायका एकमेकींना म्हणायच्या, जरा हात लाव गं. कुणीतरी पुढं व्हायची, हंडा डोक्यावर चढायचा, हात लावणारी आपल्या वाटेनं निघून जायची. आईला तर तिनं स्वतःच किती वेळा हात लावला होता. ते काही मोजण्यासारखं काम आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

“कुणी आहे का?” तिनं हाक मारली.

समोरच्या डोंगरानं तिचाच आवाज तिला परत दिला.

मग तिनं थोडं पाणी ओतलं. उचलून बघितलं. आणखी ओतलं. पुन्हा बघितलं. घागर एकदाची डोक्यावर गेली, तेव्हा आत निम्म्याहून कमी पाणी होतं आणि डबडब वाजत होतं.

वर आल्यावर बुवांनी घागरीत डोकावून पाहिलं.

“मोठी नेली होतीस ना?”

“भरली होती. डोक्यावर द्यायला कुणी नव्हतं.”

बुवांनी मान हलवली. एक तांब्या स्वतः प्यायले, एक तिच्या हातात दिला.

ऊन उतरायला लागलं होतं. खाली गावातल्या घरांमधून तिला आपली दोन खोल्यांची कौलं शोधावी लागली. सापडली, तशी ती तिकडेच बघत राहिली.

“सही नको म्हणून सांगते आईला,” ती शेवटी म्हणाली. “जिल्ह्याच्या कॉलेजातच जाते. एकटीला तेवढंच उचलतंय.”

बुवा शाब्बास म्हणतील असं तिला वाटलं होतं. बुवांनी पंच्यानं तोंड पुसलं.

“चुकलं का माझं? काही बोला तरी.”

“पाणी गोड आहे.”

तिला राग आला. मग रागाचंच रडू आलं. ते दिसू नये म्हणून उरलेलं पाणी ओट्यापुढच्या झाडाला घालून ती घागर जागेवर ठेवायला आत गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, घागर आतून बाहेरून लखलखीत होती. चिंचेनं घासलेली. कळशी मात्र काळवंडलेली, बुडाला ओली.

“बुवा, तुम्ही रोज कळशीच नेत असाल ना?”

“दोन्ही नेतो.”

“घागर भरून एकट्याला कशी उचलते?”

“नाही उचलत. कळशी भरून आणतो.”

“आणि घागर?”

“रिकामी नेतो. रिकामी आणतो.”

डोळे पुसता पुसता तिला हसू आलं. “खंडूबुवा गेल्यापासून चार वर्षं? एवढी टेकडी चढून उतरून? ती हो कशाला?”

बुवांनी तिच्या हातातली घागर घेतली. पंच्यानं पुसून जागेवर पालथी घातली. मग दारात येऊन खालच्या पायवाटेकडं बघत उभे राहिले…

“कुणी भेटलं तर.”