शीव शेजाऱ्याने सांगावी

एकदा एका गावावर, आपला डोंगर आपलाच आहे हे कागदावर सिद्ध करण्याची वेळ आली. ज्या वाचकांना या वाक्यात काही वावगे दिसले नाही, त्यांनी ते पुन्हा एकदा वाचावे आणि मग पुढे यावे.

गाव गोंडांचे, चाळीसेक घरांचे. मागे डोंगर, डोंगरावर बांबू, कुशीत एक झरा आणि माथ्यावर गावाचा देव. पिढ्यान् पिढ्या तिथून वासा आला, कंद आले, औषधाची मुळी आली, आणि डोंगर कोणाचा असा प्रश्न कोणाच्या मनात उगवला नाही. आता कायदा म्हणत होता की ग्रामसभेने दावा करावा, सरकारी माणसे येऊन शीव चालून पाहतील, आणि खरे ठरल्यास डोंगर गावाच्या नावे लिहून देतील.

त्याच डोंगरावर शहरातल्या एका खडीच्या व्यापाऱ्याची नजर होती. डोंगर गावाच्या नावे झाला, तर खाणीसाठी सभेची संमती लागणार आणि सभा ती देणार नाही, हे त्याने ओळखले होते. म्हणून तो या गावात आलाच नाही. तो नाल्यापलीकडच्या गावात गेला. तिथे त्याने लग्नकार्यासाठी स्वयंपाकाची मोठी भांडी, म्हणजे गंजे दिली, दऱ्या दिल्या आणि एवढेच सुचवले की पडताळणीच्या दिवशी तुम्ही फक्त ‘हा डोंगर आमचाही आहे’ असे म्हणा. शिवेचा वाद निघाला की फाइल माघारी जाते, आणि माघारी गेलेल्या फायलीला पुन्हा वर यायला किती वर्षे लागतात, हे व्यापाऱ्याइतके नीट कोणाला ठाऊक असते?

या गावात सुकारो नावाची एक वृद्धा होती. तिला अक्षर येत नव्हते. सभेत ती क्वचित बोले, पण तिचे बोलणे झाल्याशिवाय सभा उठत नसे. तिच्या हाताखाली रामशीला नावाची एक तरुण मुलगी सभेचे काम शिकत होती. रामशीला तालुक्याला राहून पदवी घेऊन आलेली. सभेने तिला वनहक्क समितीची सचिव केले होते. मोबाईल हातात धरून तिने तीन आठवडे शीव पायाखाली घातली आणि स्वतः नकाशा काढला. काम चोख होते. तिचा अभिमानही चोख होता, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

चैत्रात पडताळणीचा दिवस आला. वनखात्याचे साहेब आले, सोबत तलाठी. गाव झाडाखाली जमले. रामशीलाने नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

साहेब म्हणाले, “छान. आता कोणी जाणता माणूस पुढे होऊन शीव सांगा. आम्ही लिहून घेतो आणि चालून बघतो.”

सगळ्यांनी सुकारोकडे पाहिले. ती जागची हलली नाही.

“बसा जी, साहेब,” ती म्हणाली. “मी नाई सांगणार. सांगणारा नाल्यापलीकडून येते. फगनू.”

सभेत कुजबुज उठली. फगनू हा त्या पलीकडच्या गावाचा म्हातारा. गेल्या उन्हाळ्यात तलावातल्या मासळीवरून दोन्ही गावांत काठ्या चालल्या होत्या आणि तेव्हापासून एकाही लग्नाचा भात या गावाने त्या गावात खाल्ला नव्हता. शिवाय ती गंजे आणि त्या दऱ्या कोणी दिल्या, हे साऱ्या परिसराला माहीत होते.

रामशीला तिच्या कानाशी वाकली. “आजी, तुला कळतंय का काय करतेस? व्यापारी दोनदा जाऊन आलाय त्याच्याकडे. त्याच्या तोंडून एक शब्द वाकडा गेला, की डोंगर गेला.”

“कळते.”

“मग नकाशा आहे ना आपल्याकडे.”

“नकाशा तुझा हाये. तुझी शीव तूच सांगशील?” सुकारो म्हणाली. “आपली शीव आपल्या तोंडानं सांगत नाईत. पहिल्या पेरणीच्या आधी शिवेच्या दगडापाशी दोन्ही गावं उभी राहायची. आमची त्यांनी सांगायची, त्यांची आम्ही. मासळी आडवी आली, म्हणून गेल्या सालापासून दगड तसाच पडून हाये.”

ही तिथली जुनी रीत. पण सुकारोने ती एकटीने लादली नाही. त्या गावात हात वर करून मोजणी होत नाही. एक जण जरी नाही म्हणाला, तरी निर्णय तिथेच थांबतो. तिने सभेला विचारले, “फगनूले बोलावलं हाये. तो नाल्याजवळ बसला हाये. कोणाचं नाई असन तर तो तिथूनच परत जाईल.”

सगळ्यांचे डोळे बैसाखूकडे गेले. त्या भांडणात डोके त्याचेच फुटले होते. कपाळावरची खूण अजून लाल होती. तो बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा मारत राहिला. साहेबांनी घड्याळ पाहिले, तलाठ्याने आळस दिला. सभा थांबली होती. लोक आपले म्हणणे मनातून ओठावर आणत असतात, तेव्हा त्यांच्यासाठी थांबावेच लागते. आपल्याकडच्या सभांमध्ये ही एवढी फुरसत कोणी देत नाही.

शेवटी बैसाखू म्हणाला, “डोकं माझं फोडलं त्यांनी. शीव नाई फोडली. येऊ दे.”

सुकारोने रामशीलाकडे पाहिले. “तुझं नाई असन तर तूही सांग. तूही सभाच हायेस.”

एका शब्दाने सारे थांबवणे रामशीलाच्या हातात होते. ती म्हणाली, “नाही म्हणत नाही. पण पटत नाही.”

“पटेपर्यंत बसलो असतो,” सुकारो म्हणाली, “पण साहेबांना चारच्या गाडीनं जायचं हाये.”

फगनू आला. खांद्यावर टॉवेल, हातात काठी. कोणाला रामराम केला नाही. बैसाखूच्या कपाळाकडे एकदा पाहिले आणि मान वळवली.

“काय गा फगनू,” सुकारो म्हणाली, “जेवून आलास?”

“तुमच्या गावात जेवायला नाई आलो मी.”

“मग चाल पुढं.”

तो पुढे, मागे साहेब, मागे सारे गाव. पहिला मुक्काम नाल्याकाठच्या मोहांपाशी. अकरा झाडे. झाडांखालचा पाला जाळून जमीन स्वच्छ केलेली, त्यावर फुले पडलेली. फगनूने काठी टेकवली. “हे मोह आमचे.”

रामशीला तडक पुढे आली. “हे आमच्यात आहेत. शेवटच्या दोन झाडांची फुलं माझी आई वेचते. मी लहानपणापासून वेचली आहेत.”

“वेचली असतील. झाडं फुलबासनची होती, आमच्या गावची. तिला लेक नव्हती. तुझ्या मायले म्हणाली, तू वेच. झाड दिलं नाई, फूल दिलं.” मग तो सुकारोकडे वळला. “खोटं हाये काय वो बाई?”

“खरं हाये,” सुकारो म्हणाली. “पोरी, नकाशातून काढ.”

रामशीलाने आईकडे पाहिले. आईने मान खाली घातली होती, आणि त्या मान खाली घालण्यातच उत्तर होते. मुलीने पेन्सिलची रेघ खोडली. खोडताना कागद थोडा फाटला. साहेबांनी वहीत लिहिले. शेजारच्या गावाला अकरा झाडे गेली, तीही पहिल्याच मुक्कामाला. आता पुढे काय जाणार, अशी धास्ती सगळ्यांच्या पावलांत उतरली.

चढ संपला. माथ्यावर देवाजवळ शिवेचा दगड होता, गवतात अर्धा बुडालेला. साहेब दम घेत म्हणाले, “बाबा, आता नीट सांगा. हा डोंगर कोणाचा? तुमच्या गावाचा यावर काही हक्क, काही हरकत? मी तुमच्या नावाने जबाब लिहिणार आहे.”

फगनूने तोंडातला तंबाखू थुंकला. खाली बसला. हाताने गवत उपटून दगड मोकळा केला, टॉवेलाने पुसला.  रामशीला नकाशाचे टोक मुठीत घट्ट धरून उभी होती.

“व्यापाऱ्यानं आम्हाले गंजं दिली,” तो दगडाकडे पाहत म्हणाला. “दऱ्या दिल्या. मी त्या परत देणार नाई. दोन लग्नं उरकायची हायेत.” मग वर पाहिले. “डोंगर यांचा. माझा बाप इथला बांबू यांना विचारल्याशिवाय तोडत नव्हता. लिहा.”

साहेबांनी लिहिले. रामशीलाने मोबाईल काढला आणि नकाशातली रेघ धरून माथ्यावरून पुढे चालू लागली.

“कुठं चाललीस?” फगनू खेकसला. “पलीकडची खोरी कुठाय तुझ्या नकाशात?”

“ती घळ? तो उतार तुमच्या बाजूला आहे.”

“उतार इकडं वळला म्हणून आमचा झाला काय? झऱ्याचं मूळ त्या खोरीत हाये. खालच्या पडलेल्या सागापर्यंत तुमचं. तुझ्या आज्यानं आन् माझ्या बापानं मिळून तिथं दगड मांडला. शाळेत हे नाई शिकवलं?”

“नाही,” रामशीला म्हणाली.

“मग चाल, दाखवतो.”

खाणीची वाट त्याच खोरीतून वर येणार होती. व्यापाऱ्याच्या नकाशात ती होती. गावाच्या नकाशात नव्हती. फगनू गप्प राहिला असता, तर हे कोणाला कळलेही नसते.

परतताना फगनू मोहांपाशी थांबला. “त्या दोन झाडांची फुलं हिची मायच वेचू दे. झाड आमचं, वेचणं हिचं. हेही लिहा.”

“नकाशात असं लिहिता येत नाही,” साहेब म्हणाले.

“नकाशात नको,” सुकारो म्हणाली. “सभेच्या वहीत लिहू. पोरी, लिही.”

साहेब गाडीसाठी निघून गेले. फगनू मात्र जेवायला थांबला. बैसाखूच्या घरी नव्हे. तेवढी घाई कोणालाच नव्हती. सुकारोच्या ओसरीवर पेज प्याला आणि गेला. मग रामशीला सुकारोजवळ येऊन बसली.

“आजी, तुला खात्री होती का, की तो खरं बोलेल?”

“नव्हती. चढताना दोनदा थांबली मी. तुले वाटलं म्हातारपणानं.”

“मग एवढा मोठा डोंगर त्याच्या जिभेवर कसा ठेवलास?”

सुकारोने पेजेचे भांडे बाजूला सारले. “तू तीन आठवडे चाललीस, खरं काम केलंस. पण तू सांगितलीस ती आपली मागणी झाली. मागणी कोणीही कापतो. शेजाऱ्यानं सांगितली ती साक्ष झाली. आन् दुसरं सांगते. त्याले न बोलावता डोंगर मिळाला असता, तर तो कागदावर मिळाला असता. उन्हाळ्यात त्या बाजूनं वणवा लागते. विझवायला पयले कोण धावते? साहेब? फगनूचं गाव. तो शब्द फिरवणारा असन, तर हा डोंगर कोणाच्या भरवशावर राखशील? ते आज कळलेलं बरं होतं. व्यापाऱ्यानं त्याले भांडी देऊन बोलावलं. आपण त्याच्या बापाच्या जागी उभं केलं. माणूस कुठं उभा केला, यावरून तो काय बोलते ते ठरते, पोरी. सगळं नाई, पण बरंचसं.”

“आणि अकरा झाडं?”

“ती आपली नव्हती. खोटी अकरा झाडं पोटात ठेवून खरा डोंगर मागायला गेलो असतो, तर त्या फगनूले गप्प राहायला जागा झाली असती.”

रामशीला उठून घरी गेली. तिने फाटलेला नकाशा मागच्या बाजूने कागद लावून चिकटवला. नवा काढला नाही.

पुढच्या महिन्यात पलीकडच्या गावाची पडताळणी होती. तिथली सभा जमली, साहेबांनी जाणता माणूस मागितला, आणि फगनू म्हणाला, “बसा जी. सांगणारी नाल्यापलीकडून येते.” त्याने नाव घेतले ते सुकारोचे नव्हते.

रामशीला आली, तेव्हा साहेब हसून म्हणाले, “आज नकाशा नाही आणला?”

“आज माझी शीव नाही, साहेब,” ती म्हणाली आणि चालू लागली. मोहांपाशी आली. हंगाम सरला होता. झाडांखाली जाळलेल्या पाल्याचे काळे वर्तुळ अजून दिसत होते, शेवटच्या दोन झाडांखालचे तिच्या आईच्या हातचे. ती त्या वर्तुळाच्या अलीकडे, नाल्याच्या बाजूला, थांबली. आत पाऊल टाकले नाही.

“इथून आत तुमचं,” ती म्हणाली. “लिहा.”

सुज्ञ वाचकाने फार दूर जाऊ नये. आपले कुंपण कुठे संपते, एवढे एकदा शेजाऱ्याला विचारून पाहावे. विचारताना जीभ अडखळलीच, तर ती का अडखळली, हे त्याचे त्यालाच कळेल.