जामदाराचा हात

हरणगडच्या पेठेत चांगुणा कासारीण बांगड्या भरायची. एके दिवशी देवीचे दागिने सांभाळणारा जामदार सुभानराव आला आणि भर पेठेत त्यानं तिचा हात धरून तिला ओढलं. जामदार कारभाऱ्यांचा सख्खा भाचा, हे ठाऊक असूनही चांगुणा फिर्याद घेऊन तडक कचेरीत गेली.

कारभारी मालोजीरावांनी भाच्याला बोलावून शेजारी बसवलं आणि मिशांवर ताव दिला. “एवढी नटूनथटून बसतेस, चारचौघांत हसतेस. चकाकतं दिसलं की पुरुषाचा हात जायचाच! चूक तुझीच. उद्यापासून पेठेत बसायचं नाही.”

पेठ सुटली की चांगुणाची चूल विझली. तरी तिनं पदर खोचला.

“सरकार, मग यांच्याकडून जामदारखान्याच्या किल्ल्या आत्ताच काढून घ्या.”

“त्याचा इथं काय संबंध?”

“देवी तर सोन्यानं मढून रोज यांच्यासमोर उभी असते. चकाकतं दिसलं की हात जाणारच, तर तिचे दागिने कसे राहायचे?”

जमलेल्या लोकांत कुजबुज सुरू झाली. त्यांच्यातला देवीचा पुजारी तर उठूनच उभा राहिला. सुभानराव घाबरून ओरडला, “मामा, देवीच्या मण्यालाही मी कधी शिवलो नाही! माझा हात माझ्या ताब्यात आहे!”

“ऐकलंत, सरकार?” चांगुणा म्हणाली. “हात ताब्यात होता. तरी माझ्यावर टाकला.”

इतक्या लोकांसमोर कारभाऱ्यांना आता त्याची बाजू घेता येईना. भाच्याला शिक्षा सुनावताना त्यांची मान वर झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच आणखी दोघीजणी फिर्याद घेऊन पायरीवर बसल्या होत्या.