वाहत्या जिवाचे घर

फार पूर्वी गोमुखाच्या धारेत एक सूक्ष्म जंतू राहत असे. ज्या दगडाला तो बिलगे, तिथून पाणी त्याला पुढे ढकलून देई. "एकदा तरी आपले घर असावे," एवढीच त्याची आस होती.

एके दिवशी पाय धुणाऱ्या अनंतभट पुजाऱ्यांच्या टाचेच्या जखमेत तो शिरला. भटजींनी भक्तिभावाने जखमेवर पंचामृत घातले आणि ओल्या सोवळ्याची चिंधी बांधली. आत ऊब होती, ओल होती, गोडवा होता; धार मात्र नव्हती. जंतूने सोबत्यांना हाक दिली. साऱ्यांनी चिकट भिंती उभारल्या, वर बुळबुळीत छप्पर घातले. वैद्यांचा लेप त्या छपरावरच अडला.

पाचव्या दिवशी भटजींची धाकटी बहीण दुर्गाक्का आली. चिंधी सोडत ती म्हणाली, "दादा, ओले सोवळे देवाला चालते, जखमेला नाही. अशाने पाय जाईल."

"अगं, पंचामृत आहे ते."

"देवसुद्धा पंचामृतानंतर शुद्धोदकाने न्हातो. तुम्ही देवाहून सोवळे का?"

तिने वाहत्या पाण्याखाली तो थर हलकेच खरवडला. छप्पर फाटले तेव्हा जंतूला प्रथमच बाहेरचे ऐकू आले. त्याच्या भिंती जिथे टेकल्या होत्या, तिथे पाच दिवस कुणीतरी कण्हत होते.

धारेने त्याला पुन्हा वाहून नेले. घराची आस काही सुटली नाही. पुढे एक मऊ, उबदार जागा लागली. पण बिलगण्यापूर्वी तो क्षणभर कान देऊन ऐकत राहिला.