लंगड्या मेंढीची रीत

माळावर मेंढपाळांचं एक गाव होतं. नवं औषध आलं की आधी कळपातल्या लंगड्या मेंढीला पाजायचं, वर्षभर तिच्याकडे बघायचं आणि मगच बाकीच्या मेंढरांना द्यायचं, अशी तिथली रीत. ही रीत घालून दिली होती धुळाप्पा कारभाऱ्याने. तिच्यामुळे गाव दोनदा भोंदू औषधवाल्यांच्या तावडीतून सुटलं होतं. त्यामुळे तिच्याविरुद्ध बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्याच गावात मायाक्का राहत होती. काही वर्षांपूर्वी ती शहरातल्या दवाखान्यात तीन महिने काढून आली होती. पोटातला गोळा काढला, एवढंच तिने लोकांना सांगितलं. आजाराचं खरं नाव तिने जिभेवर येऊ दिलं नाही. गाव नाही नाही ते बोलेल, याची तिला धास्ती होती.

एक दिवस नर्सबाई लशीची पेटी घेऊन आल्या. ही लस कोवळ्या वयात मुलींना टोचली, तर शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका जंतूमुळे पुढे होणारा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतांशी टळतो, असं त्यांनी सांगितलं. चावडीवर सगळे जमले.

"पोरींस्नी पुढं मूल हुत न्हाय म्हणत्यात," एकजण म्हणाला.

नर्सबाईंनी काही लपवलं नाही. "दंड दुखतो. कुणाला ताप येतो, कुणाला चक्कर येते, म्हणून मी अर्धा तास बसवून ठेवते. फार क्वचित एखादीच्या अंगावर गांधी उठतात, त्याचं औषध माझ्याकडे आहे. मूल न होण्याशी या लशीचा संबंध नाही. देशोदेशीच्या लाखो मुलींवर वर्षानुवर्षं नजर ठेवून हे तपासलंय."

धुळाप्पाने पटका सारखा केला. "आपुन आपल्या डोळ्यांनी बगू. कुणाची तरी एक पोर टोचा. वरीसभर बगू, मग बाकीच्या."

आपली पोर लंगडी मेंढी व्हावी असं कोणाला वाटेल? सगळे जमिनीकडे बघू लागले.

मायाक्काची तेरा वर्षांची बानू तिच्या शेजारीच बसली होती. मायाक्काने तिच्याकडे पाहिलं. गप्प बसलं तर आईची अब्रू झाकलेली राहत होती आणि लेक रोगापुढे उघडी पडत होती. मायाक्का उठून उभी राहिली.

"माज्या पोटात गोळा न्हवता. ह्योच कॅन्सर व्हता."

बायकांनी पदर तोंडाला लावले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "चांगल्या बाईला असलं हुत न्हाय."

"संसारी बाईला कुणालाबी हुतो," मायाक्का तिकडे वळून म्हणाली. "अंगात जंतू कवा शिरला, मला पत्ता न्हाय. पंधरा वर्सं त्यो गप पडून व्हता, असं डाक्टर म्हणालं. कारभारी, मेंढी वर्सात मरती न्हायतर जगती. पर ह्यो रोग वर्सात दिसत न्हाय. त्यो दिसंल तवर ह्या पोरींची लेकरं शाळंत जात असत्याल. वरीसभर बगून तुमास्नी काय कळनार?"

धुळाप्पाने तरीही ताठा सोडला नाही. "मग तुजी पोर आदी टोच. आमी बगतो."

"टोचते. पर तुमी बगावं म्हनून न्हाय. तिच्यासाठी टोचते."

बानूने बाही वर केली. सुई लागली तेव्हा तिने तोंड वाकडं केलं आणि मग निमूटपणे बाकावर जाऊन बसली.

इतक्यात धुळाप्पाची सून शेवंता उठली. सासऱ्यापुढे तिने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. आपल्या मुलीचा हात धरून ती नर्सबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"शेवंता," धुळाप्पाने दरडावलं.

"मामंजी, मला वरीसभर बगायचं न्हाय."

नातीला लस टोचून झाली. मग धुळाप्पा उठला, बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसला आणि अर्धा तास तिथून हलला नाही.

तात्पर्य: जो रोग उशिरा दिसतो, त्याचा बंदोबस्त तो दिसण्याआधीच करावा लागतो. शंका जरूर विचारावी. पण तिचं खरं उत्तर मिळाल्यावर भीतीपायी लेकरांचं आयुष्य टांगणीला लावू नये.