गिरकीचा नियम

फार पूर्वी मधमाश्यांची दोन पोळी वणव्यात जळाली आणि वाचलेल्या माश्या एकाच ढोलीत राहू लागल्या. फुलांची वाट दोन्ही पोळ्यांतल्या माश्या नाचूनच सांगत. पण काही डावीकडून गिरकी घेत, काही उजवीकडून. खरी गिरकी कुठली, यावर रोज सभा भरे.

म्हातारी भुरकी करंजाचा बहर पाहून दमून आली. ती नाचू लागताच ओरडा झाला, "थांब आजी, आधी नियम ठरू दे!"

भांडायचं बळ नव्हतं, म्हणून भुरकी थांबली. ढोलीत पिल्लं भुकेनं वळवळत होती.

कितीतरी सभांनंतर नियम ठरला. भुरकी त्याबरहुकूम बिनचूक नाचली. सगळ्या उत्साहानं उडाल्या आणि रिकाम्या परतल्या.

"आजी, तिथे फुलंच नाहीत!"

भुरकीनं पंख मिटले. "मी सांगायला आले, तेव्हा होती गं."